स्थळप्रत

कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाला ‘स्थळप्रत’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पत्र पाठवायचं, बारनिशीत जावक क्रमांक टाकायचा आणि एक प्रत फाइलला लावून ठेवायची. उद्या कोणी विचारलं, ‘असं कधी कळवलं होतं तुम्ही?’, की ती प्रत पुढे सरकवायची. कार्बन पेपरमुळे ही सोय सहज झाली, मग झेरॉक्स आलं, आता पाठवलेली मेल आपोआप साठते. पण टंकलेखन यंत्र रुळण्याआधी स्थळप्रत ठेवायची तर एक तर कारकुनाला तेच पत्र पुन्हा लिहायला बसवायचं, नाहीतर ओतीव लोखंडाचं एक अवजड यंत्र कोपऱ्यात ठेवायचं.

ते यंत्र आजही जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसतं. खाली सपाट लोखंडी पाट, वर तसाच दुसरा पाट, मधोमध जाड आट्यांचा स्क्रू आणि त्यावर आडवी मूठ किंवा चाक. बघणाऱ्याला वाटतं, हे बाइंडरचं दाबयंत्र. पुष्कळ बाइंडर ते तसंच वापरतातही. पण बहुतेकदा ते पत्रांची नक्कल काढायचं यंत्र असतं.

त्याचा जनक जेम्स वॉट. वाफेच्या इंजिनामुळे आपल्याला शाळेत भेटलेला, तोच. धंद्याच्या पत्रांच्या नकला करून कंटाळलेल्या वॉटने १७८० साली या युक्तीचं पेटंट घेतलं. त्याची सुरुवातीची यंत्रं बहुधा रुळांची होती. कागद दोन रुळांमधून उसाच्या कांड्यासारखा पिळून काढायचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन आणि जेफरसन या दोघांनीही हे यंत्र वापरलं. जेफरसनने पुढे १८०४मध्ये ते सोडून दोन टाकांचं यंत्र घेतलं. हातातला टाक चालला की शेजारचा त्याच्यासारखाच चाले. ते नाजूक खेळणं त्याच्यासारख्या हौशी माणसालाच शोभणारं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या पेढ्या, वकील आणि कचेऱ्या यांनी मात्र वॉटचीच युक्ती धरली, आणि रुळाच्या जागी स्क्रू रूढ झाला.

आता त्याची कृती. शाई साधी चालत नसे. तिच्यात डिंक किंवा साखर घातलेली असे, म्हणजे वाळली तरी ओल लागताच ती पुन्हा सुटे. पत्र लिहून झाल्यावर त्यावर टीपकागद दाबायचा नाही, नाहीतर नकलेपुरती शाईच उरणार नाही. मग नकलेची वही उघडायची. तिच्यात कित्येक शे पानं, प्रत्येक पान कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आणि क्रमांक छापलेलं. पुढचं कोरं पान काढून त्याच्या मागे तेल लावलेला जाड कागद सरकवायचा, म्हणजे ओल खालच्या पानांत झिरपत नाही. पान ओल्या कुंचल्याने किंवा फडक्याने दमट करायचं, जास्तीचं पाणी टिपायचं, त्यावर पत्र उपडं ठेवायचं, वरून पुन्हा तेलकट कागद. वही मिटून यंत्रात ठेवायची आणि मूठ फिरवून मिनिटभर दाबून धरायची.

खरी कसोटी पाण्याची. ओल जास्त झाली तर अक्षरं फुटून पानभर काजळी पसरे आणि मूळ पत्रही बिघडे. कमी पडली तर नक्कल इतकी पुसट की खिडकीपाशी धरूनसुद्धा लागत नसे. शाईचा ठसा पानावर उलटा उमटे, पण पान इतकं पातळ की पाठीमागून पाहिलं तर अक्षरं सुलटी वाचता येत. त्या पापुद्र्याचं सगळं कर्तृत्व एवढंच. १८५६नंतर कृत्रिम रंग निघाले आणि पुढे नकलेच्या शाईतही आले; जुन्या वह्यांतली कितीतरी पानं जांभळी दिसतात ती त्यामुळे.

या वहीचा एक गुण आहे, आणि तोच तिचा जाचही. पानं शिवलेली आणि क्रमांकाची, पत्रं तारखेच्या ओळीने. मागची तारीख टाकून मधे एखादं पत्र घुसवता येत नाही. एखादं नकोसं झालं म्हणून फाडलं तर २१६नंतर थेट २१८ येतं, आणि काय फाडलं ते कळलं नाही तरी फाडलं हे जन्मभर दिसत राहतं. वहीच्या तोंडाशी नावांची सूची असे, कोणाला लिहिलेली पत्रं कोणत्या पानांवर ते सांगणारी. तिजोरीत पैसे ठेवणारा माणूस हिशोबाच्या वहीला भितो तसा लिहिणारा या वहीला भीत असणार, असं मला वाटतं.

आवक पत्रांची तऱ्हा वेगळी. ती उभी घडी घालून अरुंद पट्टीएवढी करत, बाहेरच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि विषय एका ओळीत टिपत, फितीने बांधून लाकडी खणांत कोंबत. पेशवे दफ्तरातले रुमाल पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. फरक एवढाच की जावकीची वही एका बाजूला आणि आवकीची पुडकी दुसऱ्या बाजूला. एकाच माणसाशी झालेलं बोलणं जुळवायचं तर दोन्हीकडे धावावं लागे. फाइली उभ्या लावायचे खण १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात लोकांनी पाहिले, तेव्हा कुठे आवक-जावक एकत्र नांदू लागली.

या वह्या आणि खण भरून टाकणारा पत्रांचा पूर आला त्याला टपालाचे दरही कारण होते. अमेरिकेत १८४५ साली दर कागदांच्या संख्येऐवजी वजनावर बसले. तोवर पाकीट म्हणजे आणखी एक कागद धरत, म्हणून लोक पत्रालाच घडी घालून बाहेर पत्ता लिहीत. १८४७मध्ये तिकिटं आली, १८५१मध्ये आगाऊ पैसे भरलेलं पत्र तीन सेंटांत तीन हजार मैलांपर्यंत जाऊ लागलं. शहरातल्या पुढाऱ्याकडे येणाऱ्या टपालात मग काय नसे? मुलाला जकात कचेरीत चिकटवा, मेहुण्याला पोलिसात घ्या, आमच्या गल्लीत दिवा लावा, मागच्या निवडणुकीत आम्ही तुमच्यासाठी राबलो ते विसरू नका. आपल्याकडच्या नगरसेवकाच्या दारातली सकाळ डोळ्यांसमोर आणा, फक्त ती लिफाफ्यांत घातलेली.

आणि मुरलेला पुढारी या टपालाला लेखी उत्तर देत नसे. बॉस्टनच्या मार्टिन लोमॅस्नी या वॉर्डाच्या धन्याच्या नावावर एक उपदेश सांगतात: बोलून भागत असेल तर लिहू नये, मान हलवून भागत असेल तर बोलू नये. या गृहस्थाला बॉस्टनमध्ये ‘महात्मा’ म्हणत. आपल्या महात्म्याने मात्र जन्मभर पत्रं लिहून लिहून लेखनिकांना दमवलं. न्यूयॉर्कमधल्या टॅमनी हॉल या डेमोक्रॅट संघटनेचा जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट तर आपला दरबार न्यायालयाच्या इमारतीत बूटपॉलिशवाल्याच्या बाकावर भरवायचा. तिथे कसली नकलेची वही आणि कसला जावक क्रमांक!

ते न्यायालय चेंबर्स स्ट्रीटवरचं, विल्यम ट्वीडच्या काळात बांधलेलं. खुर्च्या बनवणाऱ्याचा हा मुलगा आगीचे बंब ओढणाऱ्या स्वयंसेवकांतून पुढे आला, नगरसेवक झाला आणि १८६०च्या दशकाअखेरीस टॅमनी हॉलचा सर्वेसर्वा बनला. न्यायालयाच्या गिलाव्याची, फर्निचरची, गालिच्यांची बिलं फुगवायची, शहराच्या तिजोरीतून फेडायची आणि वरचा मलिदा टोळीत वाटून घ्यायचा. जुलै १८७१मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शहराच्या हिशोबवह्यांतले आकडेच छापले. सप्टेंबरात हिशोबनिसाच्या कचेरीतल्या कपाटातून मूळ बिलं आणि पावत्या नाहीशा झाल्या. पुरावा गेला म्हणजे गुन्हा गेला, हा हिशोब.

इथे सॅम्युएल टिल्डन येतात. जन्म १८१४, अविवाहित, तब्येतीची सतत काळजी करणारे, आवाज इतका हळू की टॅमनीवाले त्यांना ‘कुजबुज्या सॅमी’ म्हणत. १८४३मध्ये ते न्यूयॉर्क शहराचे वकील होते. पुढे डबघाईला आलेल्या रेल्वे कंपन्यांची घडी बसवून देण्यात त्यांनी अमाप पैसा मिळवला. त्यांची खरी हातोटी वक्तृत्वात नव्हती, हरवलेल्या कागदाचा माग काढण्यात होती. १८५५मध्ये शहराच्या हिशोबनिसाच्या निवडणुकीत अझराया फ्लॅग यांच्या विजयावर तंटा झाला आणि एका केंद्रातली मतांची टिपणी गहाळ निघाली. टिल्डन यांनी त्याच केंद्रातल्या इतर उमेदवारांची मतं मांडून, वजाबाक्या करून गहाळ टिपणी न्यायालयासमोर जशीच्या तशी उभी केली. फ्लॅग जिंकले.

ट्वीडच्या प्रकरणात त्यांनी हेच केलं. पावत्या गेल्या असतील, पण पैसे बँकेतून गेले होते, आणि बँक आपली वही जाळत नाही. ब्रॉडवे बँकेतल्या नोंदी आणि भरणा स्लिपा घेऊन टिल्डन आणि त्यांचे मदतनीस बसले. शहराने कंत्राटदाराला दिलेली रक्कम आणि लगोलग दुसऱ्या खात्यात भरलेला तिचा ठरावीक हिस्सा, अशा जोड्या एकामागून एक लागत गेल्या. ट्वीडच्या खात्यात आलेले नऊ लाखांवर डॉलर त्यांनी असे दाखवून दिले. त्यांच्या प्रतिज्ञापत्रावरून ऑक्टोबर १८७१मध्ये ट्वीडला अटक झाली. मधे एकदा तो स्पेनपर्यंत पळाला, पकडून आणला गेला आणि १८७८मध्ये लडलो स्ट्रीटच्या तुरुंगात मेला.

टिल्डन यांचा या टोळीशी जुना हिशोबही होता. ऑक्टोबर १८६८मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या राज्य समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या सहीचं एक गोपनीय परिपत्रक गावोगावच्या कार्यकर्त्यांना गेलं होतं: मतदान संपता क्षणी, मोजणीची वाट न पाहता, तुमच्याकडच्या मतांचा अंदाज ट्वीडना तारेने कळवा. बाहेर किती मतं कमी पडताहेत ते कळलं की शहरात तेवढी वाढवता येत. परिपत्रक फुटल्यावर टिल्डन म्हणाले, सही माझी नाही, हे मी पाहिलंही नाही. वर्षभरानंतर संपादक होरेस ग्रीली यांनी जाहीर पत्र लिहून त्यांना यावरून धारेवर धरलं. सही त्यांची नसेल हे मी मानतो. पण आपलं नाव कोण वापरतंय याची दखल त्यांनी तेव्हाच जोरात घेतली असती तर बरं दिसलं असतं.

ट्वीडला पाडल्यामुळे टिल्डन न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले आणि १८७६मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. जनतेची मतं त्यांना जास्त पडली, सुमारे अडीच लाखांनी. निर्वाचक मतांचा वाद महिनोनमहिने चालला आणि शेवटी १८५ विरुद्ध १८४ असे ते एका मताने हरले. त्यांची जागा चोरली गेली, ही सहानुभूती त्यांच्या बाजूला होती. मग तारा निघाल्या.

पत्राची नक्कल ठेवायची की नाही हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. तारेचं तसं नाही. तिची प्रत तार कंपनीकडे राहते. अमेरिकन काँग्रेसच्या समित्यांनी वेस्टर्न युनियन या तार कंपनीकडून निवडणुकीच्या काळातल्या तारा मागवल्या होत्या. त्यांतल्या सांकेतिक भाषेतल्या शेकडो तारा ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या हाती लागल्या. त्या वृत्तपत्रातले जॉन हसार्ड आणि विल्यम ग्रॉसव्हेनर यांनी त्या उकलायला घेतल्या, आणि स्वतंत्रपणे एडवर्ड होल्डन या खगोलशास्त्रज्ञानेही. काही तारांत शब्दांची ओळ ठरावीक रीतीने उलटसुलट केलेली होती. सारख्या लांबीच्या तारांना एकच किल्ली लागू शकते हे ध्यानात आल्यावर अशा दोन-दोन तारा एकाखाली एक मांडल्या, आणि दोन्हींत अर्थ लागेल अशी एकच ओळ शोधत गेले. १८५५च्या टिपणीवर टिल्डन यांनी वापरलेल्या रीतीची ही सख्खी बहीण.

ऑक्टोबर १८७८मध्ये मजकूर छापून आला. फ्लॉरिडा आणि साउथ कॅरोलायनातून निर्वाचकांच्या मतांचा भाव विचारला जात होता. फ्लॉरिडातून ‘मोझेस’ या सहीने तारा करणारे मँटन मार्बल हे एका नामांकित वृत्तपत्राचे माजी संपादक, आणि न्यूयॉर्कमध्ये तारा घेणारा टिल्डन यांचा भाचा विल्यम पेल्टन. तो राहायचा मामांच्याच ग्रॅमर्सी पार्कच्या घरात. व्यवहार पुरा झाला नाही. पेल्टनने काँग्रेसच्या समितीपुढे सगळं स्वतःवर घेतलं. टिल्डन यांनी शपथेवर सांगितलं, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुराव्यात त्याविरुद्ध काही सापडलं नाही. पण १८६८मध्ये सही परस्पर, १८७६मध्ये भाचा परस्पर. दुसऱ्यांचे हरवलेले कागद शोधणाऱ्या माणसाला आपल्या घरातलं टपाल दिसलं नाही, हे पचायला जड जातं.

१८८६मध्ये ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी न्यूयॉर्कला मोफत ग्रंथालयासाठी संपत्तीचा मोठा भाग ठेवला होता. नातेवाईक न्यायालयात गेले, निम्म्याहून अधिक पैसा निसटला, तरी उरलेल्या वीसेक लाख डॉलरांतून टिल्डन ट्रस्ट उभा राहिला आणि १८९५मध्ये ॲस्टर आणि लेनॉक्स या दोन ग्रंथालयांना मिळून आजची न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी झाली. त्यांची निवडक पत्रं त्यांचे मित्र जॉन बिगलो यांनी १९०८मध्ये दोन खंडांत छापली. खासगी, राजकीय, वकिलीची आणि रेल्वेच्या धंद्याची त्यांची कागदपत्रं याच ग्रंथालयात आहेत.

न्यू जर्सीला मुलाकडे किंवा लेकीकडे गेलात आणि एक दिवस न्यूयॉर्कसाठी काढलात, तर फिफ्थ ॲव्हेन्यू आणि बेचाळिसावा रस्ता मिळतो तिथे उभं राहून मान वर करा. ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात टिल्डन यांचं नाव कोरलेलं दिसेल. ट्वीडचं न्यायालय पाहायचं असेल तर दक्षिणेला सिटी हॉलच्या मागे जा. ते अजून भक्कम उभं आहे, आणि लोक त्याला ट्वीडच्याच नावाने ओळखतात.