भाकरीला पिठलं का लागतं?

ज्वारीची गरमागरम भाकरी, वर पिठलं आणि बुक्कीने फोडलेला कांदा! शेताच्या बांधावर बसून हे कधी खाल्लंय का? चव तर भारीच असते. पण भाकरी आणि पिठलं पोटात गेल्यावर एकमेकांना जी मदत करतात, ती मला त्या चवीहूनही भारी वाटते.

आपले स्नायू, केस, नखं, सगळं प्रथिनांचं बनलेलं असतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मणी 20 प्रकारचे. त्यांतले 9 शरीराला घरी बनवता येत नाहीत, ते जेवणातूनच यावे लागतात. त्यांतला एक जरी कमी पडला, तरी माळ ओवणं अडतं. ज्वारीत नेमका ‘लायसीन’ नावाचा मणी कमी असतो. पिठल्यातल्या हरभऱ्याच्या डाळीत मात्र तो भरपूर! डाळीत ‘मेथिओनीन’ कमी पडतो, तो भाकरी भरून काढते. आहे ना गंमत? खिचडीतले तांदूळ आणि मूगडाळही हेच करतात. तिकडे दूर मेक्सिकोतले शेतकरी मक्याच्या रोटीबरोबर घेवडा खातात, त्यातही हाच हिशेब!

आता हैदराबादला चला. तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराचा नवा सल्ला छापला. 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात धान्य 250 ग्रॅम आणि डाळी 85 ग्रॅम, म्हणजे धान्य डाळीच्या जवळजवळ तिप्पट. भाकरी-पिठल्याची जोडी तिथेही आहेच! भरड धान्यंही खा, असं हा सल्ला सांगतो. कोकणातली नाचणीच घ्या ना. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट.

मग गावाकडचं जुनं ताट अगदी पूर्ण होतं का? नाही. नव्या सल्ल्यात भाज्या 400 ग्रॅम आणि फळं 100 ग्रॅम आहेत. कोरडवाहू गावात उन्हाळ्यात एवढी भाजी आणणार कुठून? कितीतरी घरांत नुसत्या चटणी-भाकरीवर भागवावं लागे. तिथे डाळही नाही, म्हणजे लायसीनही कमीच! शिवाय ठेचा, लोणचं, पापड यांत मीठ फार. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही.

म्हणून भाकरी-पिठलं खुशाल खा, पण सोबत पालेभाजी आणि फळ हवंच. त्यासाठी महागडी फळं कशाला? आपल्या पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असतं. बाजरीतलं लोह शरीरात सहजासहजी शिरत नाही, त्याला हे ‘क’ जीवनसत्त्व वाट करून देतं. पिठल्यावर लिंबू पिळलंत तरी चालेल. फक्त घरातल्या मोठ्यांना एक सांगा : जेवल्या जेवल्या चहा नको, त्यातलं टॅनिन लोहाला अडवतं.