भाड्याची चाळ आणि मालकाचा हिशेब

शहरांत चार पैसे गांठीं बांधलेल्या गृहस्थास ते कोठें गुंतवावे असा प्रश्न पडला, म्हणजे सोनें, ठेवी व रोखे यांच्या जोडीला ‘एखादी चाळच घ्यावी’ ही कल्पना हटकून पुढें येते. वीस बिऱ्हाडें, वीस भाडीं, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत घरबसल्या रोकड! कल्पना जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढील तीस-चाळीस वर्षांत गिरगांव, परळ, लालबाग या भागांत ज्या चाळी उठल्या, त्यांतील बहुतेक खासगी मालकांनीं भाड्यावर डोळा ठेवूनच बांधल्या. तळमजल्यावर दुकानें, वर ओळीनें खोल्या, सामाईक सज्जा, आणि मजल्याच्या टोंकाला सामाईक नळ व शौचकूप, ही रचनाच हिशेबी होती. दुकानाचें भाडें जड, आणि नळ-गटाराचा खर्च खोलीमागें हलका. परंतु बांधतांना जो हिशेब पाहिला गेला, तो पुढें चालवितांना पाहिला गेलाच असें नाहीं. आणि चाळीचें खरें गणित चालविण्यांतच आहे.

समजा, वीस खोल्यांची एक इमारत १ कोटि २० लाख रुपयांस मिळत आहे, व दर खोलीचें मासिक भाडें ६,००० रुपये आहे. सालाची आकारणी १४ लाख ४० हजार. शेंकडा बारा पडले म्हणून खरेदीदार हरखून जातो. पण आकारणी निराळी आणि वसुली निराळी. खोल्या रिकाम्या राहणें व भाडें थकणें यांपोटीं सालांतून एका महिन्याचें उत्पन्न वजा धरावेंच. राहिले १३ लाख २० हजार. घरपट्टी, पाणीपट्टी, जिन्यांतील दिवे, झाडलोट, विमा, आणि भाडें गोळा करणाऱ्या मेहत्याचा पगार मिळून ३ लाख. छप्पर, नळ, गिलावा व तुळया यांच्या दुरुस्तीसाठीं १ लाख ८० हजार. हातीं उरले ८ लाख ४० हजार. म्हणजे शेंकडा बारा नव्हेत, सात.

आतां कर्जाकडे वळावें. याच खरेदीसाठीं दहा टक्के व्याजानें, पंधरा वर्षांच्या मुदतीनें ८० लाख काढले, तर हप्त्यांपोटीं सालीना सुमारें १० लाख ३२ हजार जातात. उत्पन्न ८ लाख ४० हजार! उरलेली तूट मालकानें स्वतःच्या मिळकतींतून भरावयाची. कर्ज ६० लाखांवर आणलें, तर हप्ते सुमारें ७ लाख ७४ हजार होतात, आणि हातांत अवघे ६६ हजार राहतात. दोन खोल्या सहा महिने अधिक रिकाम्या पडल्या कीं ही शिल्लकही नाहींशी होते. अमेरिकेंत अशा इमारतींवर कर्ज देणाऱ्या संस्था निव्वळ उत्पन्न हप्त्यांच्या निदान सव्वापट असावें असा सर्वसाधारण दंडक पाळतात. त्या मापानें या इमारतीस ५२ लाखांपेक्षां अधिक कर्ज पेलणार नाहीं. इमारत सात टक्के देते आणि सावकार दहा मागतो, अशा स्थितींत घेतलेला प्रत्येक रुपया मालकाच्या नफ्यांतून कांहींतरी कापून नेतो, ही साधी गोष्ट किंमत वाढण्याच्या आशेपुढें पुष्कळांस दिसत नाहीं.

वरील हिशेबांत सर्वांत दुर्लक्षिलें जाणारें कलम दुरुस्तीचें. तें मागावयास कोणी दारीं येत नाहीं. घरपट्टीची नोटीस येते, मेहता पगार मागतो. तुळई मात्र मुकाट्यानें कुजते. जुन्या लांकडी चाळींत मोरीखालचें लांकूड आधीं जातें, कारण तेथें ओल कधींच सुकत नाहीं. एका सालीं दुरुस्तीचे पैसे वांचविले कीं नफा वाढल्यासारखा दिसतो. वस्तुतः तो नफा नसून भाडेकरूंच्या डोक्यावर ठेवलेलें कर्ज असतें.

भाडें किती असावें, याविषयीं मुंबईनें दोन्ही टोंकांचे दाखले पाहिले आहेत. १९२० सालीं स्थापन झालेल्या सरकारी डेव्हलपमेंट खात्यानें कर्ज काढून, शिवाय मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसवून, कामगारांसाठीं पन्नास हजार गाळे बांधण्याची योजना आंखली. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी, म्हणजे सुमारें सोळा हजार गाळेच झाले. खर्च फुगला, भाडें कामगाराच्या ऐपतीपलीकडे गेलें, जागा गैरसोयीची. त्यामुळें आरंभींचीं कित्येक वर्षें हजारों खोल्या रिकाम्या राहिल्या. ज्याच्यासाठीं घर, त्यालाच तें न परवडणें, हा तोट्याचा पहिला प्रकार.

दुसरा प्रकार याच्या उलट. युद्धकाळांतील टंचाईंत भाडेकरूंची पिळवणूक होऊं नये, म्हणून १९१८ पासून निरनिराळे निर्बंध आले. त्यांत १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें साधारणपणें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हेंच प्रमाण भाडें ठरविलें. हेतु न्याय्य होता. गरीब बिऱ्हाडांस त्यानेंच छत्र दिलें. परंतु चुना, विटा, मजुरी यांचे दर चढत गेले आणि भाडें जागच्या जागीं राहिलें. मालकांनीं हात आंखडला. खोली दुसऱ्याच्या नांवें करतांना एकरकमी पागडी घ्यावयाची, व तिचा हिस्सा मालकानें घ्यावयाचा, हा व्यवहार फोंफावला. त्या पैशाची वाट दुरुस्तीकडे क्वचितच गेली. अखेर १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला, आणि एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारती त्याखालीं आल्या. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें कायमचें गोठविलेलें भाडें अवाजवी ठरविलें. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली. तोंपर्यंत पन्नासांहून अधिक पावसाळे होऊन गेले होते. ऑगस्ट १९१७ नव्हे, २०१७ च्या ऑगस्टमध्यें भेंडीबाजारानजीकची शंभरी उलटलेली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसें गेलीं.

अशी इमारत घेऊं पाहणाऱ्यानें दलालाच्या कागदावरील भाडें न वाचतां मागील तीन वर्षांच्या भाडेपावत्यांच्या स्थळप्रती मागाव्या. जुने संरक्षित भाडेकरू किती, आणि मुदतीच्या करारानें राहणारे किती, हें निरनिराळें लिहून घ्यावें. पहिल्यांचें भाडें बाजारभावास कधींच येणार नाहीं, हें गृहीत धरावें. करार लेखी व नोंदलेला असावा. नोंदविण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्यानें मालकावरच टाकली आहे, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. अनामत रक्कम उत्पन्नांत मिळवूं नये. ती परत करावयाची आहे. मेहता चांगला असला तरी मालकानें तीन महिन्यांतून एकदां स्वतः जिना चढावा, कारण गळक्या नळाची तक्रार बिऱ्हाडकरीण मेहत्याला चार वेळां सांगून पांचव्यांदां सांगत नाहीं. आणि इमारत पाहावयास जावयाचें तें जुलै महिन्यांत, मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशीं, थेट वरच्या मजल्यावर. येतांना प्रत्येक मजल्यावरील मोरीखालचें लांकूड सुताराकडून टोंचून पाहावें.