पगार नाही, पण कमाई आहे

बदलीच्या निमित्ताने बंगळुरूत आल्यापासून एक दृश्य सवयीचे झाले आहे. सायंकाळ झाली की कोरमंगल्यातील उपाहारगृहांसमोर दुचाकींची गर्दी होते. पाठीवर चौकोनी पिशवी आणि मोबाइलवर खिळलेली नजर, असे तरुण पुढच्या ऑर्डरची वाट पाहत उभे असतात. घरपोच जेवण पोचवणारी स्विगी ही कंपनी २०१४ मध्ये याच शहरात सुरू झाली.

या कामातील बेळगाव जिल्ह्याचा एक तरुण नव्या दुचाकीसाठी कर्ज मागायला शाखेत आला. खात्यात दर आठवड्याला रक्कम जमा होत होती. पगारपत्रक मात्र नव्हते. मराठी बोलणारा अधिकारी भेटल्यामुळे तो मोकळेपणाने म्हणाला, "साहेब, पगार नाही, पण कमाई आहे." ही कमाई नेमकी किती, हे ठरवणे आता माझ्याकडे आले.

आपण ग्राहक म्हणून बिल भरतो, तेव्हा त्यातील डिलिव्हरी शुल्क म्हणजेच त्या तरुणाची मजुरी, असा आपला समज असतो. वस्तुतः ही दोन वेगळी खाती आहेत. ग्राहकाकडून घ्यायचे शुल्क कंपनी ठरवते आणि कामगाराला द्यायची रक्कमही कंपनीच ठरवते. ही रक्कम अंतर, वेळ, पाऊस, गर्दी आणि ठरावीक ऑर्डर पूर्ण केल्यावर मिळणारा प्रोत्साहन भत्ता यांवर अवलंबून असते. एप्रिल २०२३ मध्ये स्विगीने आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झोमॅटोने प्रत्येक ऑर्डरमागे दोन रुपये 'प्लॅटफॉर्म फी' सुरू केली. २०२५ च्या सणासुदीपर्यंत ती दहा रुपयांच्या पुढे गेली. ही फी कंपनीचे उत्पन्न असते. त्यामुळे बिल वाढले म्हणजे मजुरी वाढली, असे होत नाही.

शिवाय जमा झालेली रक्कम म्हणजे निव्वळ उत्पन्न नव्हे. उदाहरणादाखल, आठवड्याला सहा हजार रुपये जमा झाले आणि पेट्रोल, गाडीची देखभाल व मोबाइल यांवर दोन हजार खर्च झाले, तर हाती चारच हजार उरतात. नोकरदाराच्या कामाचा खर्च मालक सोसतो. येथे तो कामगाराच्या खिशातून जातो. कर्जाचा हप्ता सहा हजारांवर बेतला, तर पहिल्याच आजारपणात खाते थकते.

कायद्यानेही या कामाची दखल घेतली आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये असे सुमारे ७७ लाख कामगार होते. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारातील कामगाराच्या मोबदल्यावर कंपनीकडून एक ते पाच टक्के कल्याण शुल्क यांची तरतूद आहे. मोबदल्यातून काही कपात केल्यास तिचे कारण कळवणेही कंपनीवर बंधनकारक आहे. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मात्र प्रत्येक ऑर्डरचा किमान दर ठरवून देण्याचे काम यांपैकी कोणताही कायदा करीत नाही. म्हणून ज्याने त्याने स्वतःचा हिशेब ठेवणे अधिकच गरजेचे ठरते.

त्या तरुणाचे खाते तपासताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघ्या वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. त्याने ती घेतलीही होती. परंतु हप्ता वळता होण्याच्या वेळी, मेअखेरीस, खात्यात शिल्लकच नव्हती. त्यामुळे दिवसभर रहदारीत गाडी चालवणारा हा माणूस विम्याविना फिरत होता. त्याला त्याची कल्पनाही नव्हती!

विमा त्याच दिवशी पुन्हा सुरू केला. कर्ज मागितले त्यापेक्षा कमी मंजूर झाले, पण हप्ता हाती उरणाऱ्या रकमेतून फिटेल असा बेतला. "दर आठवड्याला पेट्रोलचा खर्च वहीत लिहा आणि थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाका," एवढे सांगितले. तो थोडा नाराज होऊन गेला. मात्र पुढच्या आठवड्यात ठेवीचे खाते उघडायला स्वतःहून आला.

शाखेतील सहकाऱ्यांनी अशा खातेदारांची शिल्लक मे महिन्यात आवर्जून पाहावी. ग्राहकांनीही, जेवण घेऊन दारी आलेल्या माणसाला बक्षिसी द्यावीशी वाटली, तर बिलात डिलिव्हरी शुल्क आहे म्हणून हात आखडता घेऊ नये.