आजोबांची कॅसेट आणि बोटाखालची कळ

आपल्या जालना जिल्ह्यात अंबड घ्या, परतूर घ्या की भोकरदन, जयंतीला गायन पार्टी आणि पार्टीसमोर मांडलेला टेपरेकॉर्डर हे जुने दृश्य. त्या कॅसेटी आज ट्रंकेत पडून आहेत. आमच्या घरीही एक निघाली. आजोबांचा आवाज असलेली ती एकच. फीत जीर्ण, खरखर फार. ती तुटली तर आवाज कायमचा गेला!

म्हणून आम्ही ती संगणकावर उतरवायचे ठरवले. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावली. 'ऑडॅसिटी' हा प्रोग्रॅम घेतला. तो अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाला, २००० साली लोकांसाठी खुला झाला आणि आजही मोफत मिळतो. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची; सीडीच्या दर्जाने ती सुमारे ३०० एमबी जागा घेते.

खरे कष्ट पुढे. प्रत्येक गाणे वेगळे करा, खरखर कमी करा, आवाज सारखा करा. दर वेळी माऊसने मेनू उघडून हात दुखून आला. तेव्हा कळले की नेहमीच्या कामाला आपली स्वतःची कळ नेमता येते. 'एडिट'मधून 'प्रेफरन्सेस' उघडा. तिथे 'शॉर्टकट' (जुन्या आवृत्तीत 'की-बोर्ड') असे पान आहे. यादीतले काम निवडा, चौकटीत हवी ती कळ दाबा, 'सेट' करा, मग 'ओके'. आम्ही 'नॉइज रिडक्शन'ला एफ-७ दिली. ती कळ आधीच दुसऱ्या कामाला असेल तर प्रोग्रॅम तसे सांगतो.

खरखर काढताना आधी नुसत्या खरखरीचा तुकडा निवडून त्याचा नमुना द्यावा, मग सगळे गाणे निवडावे. मात्र अति केले तर गळा पाण्यातून आल्यासारखा वाटतो. थोडी खरखर राहिलेली बरी.

एक चूक सांगतो. घाईत आम्ही 'डिलीट'ला एकाच अक्षराची कळ दिली. पोराचे बोट लागले आणि निवडलेले अख्खे कडवे गेले! कंट्रोल-झेडने ते परत आले. पण फाइल बंद केली असती तर हा मार्गही उरला नसता. म्हणून पुसण्याच्या कामाला दोन-तीन कळांची जोडी द्यावी, आणि मूळ रेकॉर्डिंग आधीच वेगळ्या नावाने ठेवून त्याला हात लावू नये.

नेमलेल्या कळांची यादी 'एक्सपोर्ट' करून पेनड्राइव्हवर नेता येते. शेजारच्या संगणकावर ती 'इम्पोर्ट' केली की झाले. एका घराने बसवलेली घडी साऱ्या वस्तीला कामी येते.

कॅसेट संपली तेव्हा आजी जवळ येऊन बसली. "परत लाव," एवढेच म्हणाली. तुमच्या ट्रंकेतही कुणाचा तरी गळा वाट पाहत असेल. या रविवारी ती ट्रंक उघडाच.