ट्रॅक्टरच्या टायरची पकड : थंडीत, उन्हात आणि चिखलात

ट्रॅक्टर घेताना आपण इंजिनाची ताकद विचारतो, डिझेल किती लागेल ते विचारतो. पण ही सारी ताकद शेवटी मागच्या दोन टायरांमधूनच जमिनीला लागते. पकड सुटली की चाक जागच्या जागी फिरते, डिझेल जळते आणि नांगर पुढे सरकत नाही. म्हणून टायरची नक्षी शेतकरी बंधूंनी समजून घ्यावी.

रबर आणि हवामान

कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. गंधक मिसळून तापवल्यास हा दोष जातो, हे 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले. तरीही टायरचे रबर थंडीत थोडे कडक आणि उन्हात मऊ होतेच. बर्फाळ देशांत मोटारींना हिवाळ्यासाठी मऊ रबराचे, नक्षीत बारीक चिरा असलेले वेगळे टायर लावतात. तेच टायर उन्हाळ्यात लवकर झिजतात. सर्व कामांना आणि सर्व ऋतूंना सारखाच चांगला असा टायर नसतो.

शेतातील नक्षी

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर तिरपे उंच पट्टे असतात आणि त्यांमध्ये रुंद खाचा असतात. पट्ट्यांच्या जोडीचे टोक आधी जमिनीला टेकले, तर चिखल खाचांतून बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. टायर उलटा बसवल्यास खाचा चिखलाने भरतात आणि पकड कमी होते. यासाठी टायरच्या बाजूवरील बाणाची खूण पाहूनच तो बसवावा. भातखाचरासाठी याहून बरेच उंच पट्टे असलेले टायर मिळतात. काळ्या जमिनीत मात्र कोणतीही नक्षी वाफशाची जागा घेऊ शकत नाही.

सडकेवरचा धोका

डांबरी सडकेवर फक्त पट्टेच टेकतात. ते प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि तापतात. जाड रबरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात, हवा कमी, ओझे जास्त आणि वेगही जास्त असेल, तर टायर फुटण्याची भीती असते. उसाची किंवा माणसांची ने-आण करताना हा जिवाशी खेळ होतो. टायर घासला असेल तर ओल्या सडकेवर ब्रेक लावूनही गाडी घसरते.

हवेचा हिशेब

सकाळी 15 अंशांला 14 पौंड भरलेली हवा टायर 40 अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे साडेसोळा पौंड दाखवते. म्हणून हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासावी. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. रात्री दाब नको तितका उतरतो. शेतात आणि सडकेवर दाब किती ठेवावा, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे.

घसरण घरच्या घरी मोजा

मागच्या चाकावर खडूची खूण करावी. त्याच शेतात नांगर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजावे, मग नांगर लावून पुन्हा मोजावे. पहिले 40 मीटर आणि दुसरे 35 मीटर आले, तर घसरण साडेबारा टक्के झाली. दहा ते पंधरा टक्के घसरण चालते. त्याहून जास्त असेल तर वाफसा, हवेचा दाब, मागच्या चाकांवरील वजन आणि पट्ट्यांची झीज, या क्रमाने तपासावे. नवा टायर घेण्याचा विचार त्यानंतरच करावा.