वनविहारातल्या दोन बाभळी

विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात आम्ही विडी व यंत्रमाग कामगारांच्या मुलांना घेऊन जातो. वनस्पतिशास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. वाचनालयात आणि झाडाखाली उभे राहून कळले तेवढेच. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला : "एवढे काटे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास; उन्हाळ्याचे वर्णन या मंडपात बसलेल्यांना कशाला हवे! रुंद पानातून पाणी लवकर उडून जाते. बाभूळ, हिवर यांची पाने बारीक दलांची असतात, ती याच काटकसरीपोटी. आणि कष्टाने धरलेला पाला शेळीने ओरबाडू नये म्हणून काटा. बाभळीच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतला नत्र झाडाच्या उपयोगी आणतात. पाला कुजला की त्यातला वाटा जमिनीलाही मिळतो. शिवाय गाडीच्या चाकाला लाकूड, कातडे कमावायला साल, आणि बाळंतिणीच्या लाडवात डिंक. इतके देणाऱ्या झाडाला आपण काटेरी म्हणून नावे ठेवतो.

वेडी बाभूळ मात्र निराळी. ती मूळची अमेरिका खंडातली, इथे मुद्दाम आणून लावलेली. गोड शेंगा गुरे-शेळ्या खातात, लेंड्यांतून बी पसरते, आणि तिच्या जाळीत दुसरे काही धड वाढत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीजवळच्या मोकळ्या जागेत साफसफाई निघाली. मुकादमाचा हुकूम, काटा दिसेल ते तोडा. तोडणारी आमचीच रोजंदारीची माणसे. ज्या जुन्या देशी बाभळीखाली ती भाकरी खात, तीही त्यांनी पाडली. पुढच्या पावसाळ्यात वेडी बाभूळ बुंध्यातून दुप्पट फुटली. देशी मात्र पुन्हा उठली नाही. मजुरीच्या दरासाठी आम्ही त्या मुकादमाशी तासभर भांडलो होतो, पण कोणते झाड राखायचे हे आमच्याच माणसांना सांगायचे आम्हाला सुचले नाही.

ओळख अवघड नाही. देशी बाभळीचे फूल पिवळ्या गोंड्यासारखे गोल. वेडीचे लांबट, तुऱ्यासारखे, फिकट हिरवट-पिवळे. देशीची शेंग राखी, मण्यामण्यांनी ओवल्यासारखी. वेडीची पिवळसर, जवळजवळ सरळ. चैत्र-वैशाखात शेंगा झाडाखाली पडलेल्या सापडतात. एक उचलून पाहावी, आणि शेजारी कोणी कोयता घेऊन उभा असेल तर त्यालाही दाखवावी.