विषारी धुरावर उत्प्रेरकाचा उतारा

रंगहीन, गंधहीन कार्बन मोनॉक्साईड वायू हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या २०० हून अधिक पट घट्ट जोडला जातो. म्हणूनच तो प्राणघातक ठरतो. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींच्या धूरनळीत उत्प्रेरक बसविणे सक्तीचे करण्यात आले.

प्लॅटिनमसारख्या धातूंच्या जोडीला त्यात सीरियम ऑक्साईड योजतात. ते आपल्या स्फटिकातील प्राणवायू देऊन या वायूचे कार्बन डायऑक्साईडमध्ये रूपांतर घडविते आणि रिकामी झालेली जागा धुरातील प्राणवायूने भरून घेते. मात्र तीव्र उष्णतेत कण एकमेकांस चिकटून ही क्षमता घटते. काही सीरियमच्या जागी झिर्कोनियम घातल्यास प्राणवायू सुलभतेने सुटतो व स्फटिक उष्णतेतही टिकतो.

तथापि, थंड उत्प्रेरक निष्क्रिय असतो. बंद जागेत इंजिन चालू ठेवणे धोक्याचेच होय.